माजी व्यावसायिक पिचर कॉलेजचा प्रशिक्षक असेल, तर मुलाला त्याच्याच हाती सोपवावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अकरावीत असून टेक्सासमधील हायस्कूलच्या बेसबॉल संघातून उजव्या हाताने पिचिंग करतो, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकतो. त्याचा फास्टबॉल ताशी 87 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 140 किलोमीटरपर्यंत जातो आणि दोन विद्यापीठांनी त्याच्यात रस दाखवला आहे. पहिल्या विद्यापीठाचा पिचिंग प्रशिक्षक काही वर्षे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, खेळलेला आहे, तर दुसऱ्याचा प्रशिक्षक कॉलेजच्या पुढे कधी खेळलेला नाही. ज्याने स्वतः मैदान गाजवले तोच शिकवू शकतो, असे आपल्या यजमानांचे मत आहे. आपल्याला मात्र धास्ती वाटते, कारण पहिल्या प्रशिक्षकाने पहिल्याच भेटीत ‘याची आर्म ॲक्शन (चेंडू टाकताना हात फिरवण्याची पद्धत) बदलावी लागेल’ असे सांगून टाकले.

मी फिजिओथेरपीचे शिक्षण महाराष्ट्रात घेतले आणि नंतर अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर म्हणून कॉलेजच्या बेसबॉल संघांबरोबर काम करत आलो. पिचिंग शिकवणे हे माझे काम नाही. शिकवणाऱ्याच्या हाताखाली मुलांचे खांदे आणि कोपरे कशी राहतात, हे रोज तपासणे हे माझे काम आहे. त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूचे असेल, हे लक्षात घेऊन वाचावे. शिवाय मुलाचे अभ्यासातले लक्ष्य, त्याची उंची अजून वाढते आहे की थांबली आहे, दोन्ही ठिकाणी आर्थिक साहाय्य किती मिळणार आणि संघात आधीच किती पिचर आहेत, यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे आणि त्यांपैकी काहीच आपल्या प्रश्नात आलेले नाही.

माझ्या मते खरा प्रश्न दोघांपैकी मोठा खेळाडू कोण होता, हा नाहीच. वयाच्या 18 ते 22 या काळात आपल्या मुलाच्या हातावर भार किती टाकायचा, कधी टाकायचा आणि कधी थांबायचे हे ठरवणारा माणूस दुसऱ्याचे शरीर वाचू शकतो का, हा खरा प्रश्न आहे. मेजर लीगमधली कारकीर्द त्या माणसाने काय काय पाहिले आहे हे सांगते. समोरच्या मुलात त्याला काय दिसेल, हे त्यातून कळत नाही. मराठी माणसाला हे फार समजावून सांगायला नको. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, आणि शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून कोण कोण घडले ते आपण सारे जाणतो.

तरीही आपल्या यजमानांचे मत मी उडवून लावणार नाही, कारण चांगली उदाहरणे त्यांच्या बाजूनेही आहेत. टेक्सासमध्येच, फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक कर्क सार्लूस यांचे पाहा. 2002 मध्ये ते ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडून मेजर लीगमध्ये आले. 11 जून 2003 रोजी न्यूयॉर्कमध्ये यांकीजविरुद्ध सहा पिचरांनी मिळून जो नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही यशस्वी फटका मिळू न दिलेला सामना) टाकला, त्या सहांमध्ये ते होते. 2005 मध्ये ओकलंडकडून त्यांनी 10 सामने जिंकले आणि जवळजवळ 160 इनिंगमध्ये (एक इनिंग म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव) केवळ 53 स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तीन स्ट्राइकवर फक्त इतकेच फलंदाज बाद केले. आकडेवारीची सवय असलेला वाचक हा शेवटचा आकडा पाहून थबकेल. ज्याच्याकडे वेगाच्या जोरावर फलंदाजाला चुकवण्याची सोय नाही, असा पिचर मेजर लीगमध्ये पूर्ण हंगाम उभा राहतो तो सिंकर (शेवटी खाली वळणारा चेंडू) खाली ठेवून, फलंदाजाकडून जमिनीवर फटके मारवून आणि प्रत्येक चेंडूचा आधी विचार करून. असा माणूस पुढे प्रशिक्षक झाला की त्याच्याकडे सांगण्यासारखे खूप असते, कारण जे इतरांना उपजत मिळाले ते त्याला समजून उमजून मिळवावे लागलेले असते. सार्लूस आधी बरीच वर्षे त्या विद्यापीठाचे पिचिंग प्रशिक्षक होते. त्या काळात निक लोडोलो हा सहा फूट सहा इंच उंचीचा डावखुरा मुलगा तिथे आला. हायस्कूलमधून 2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या वार्षिक निवडीत, पिट्सबर्गने त्याला 41 व्या क्रमांकावर निवडले होते, पण करार न करता त्याने कॉलेज पसंत केले आणि 2019 मध्ये सिनसिनाटीने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की प्रशिक्षक उजव्या हाताचा, मध्यम बांध्याचा, सिंकरवर जगलेला. विद्यार्थी डावखुरा आणि ताडमाड. स्वतःच्या शरीराची नक्कल करायला लावून हे जमले नसते.

दुसरे उदाहरण भारताशी थेट जोडलेले आहे. टॉम हाउस हे 1971 ते 1978 या काळात मेजर लीगमध्ये खेळलेले डावखुरे पिचर. कारकीर्द साधारण, 29 विजय आणि 23 पराभव. 8 एप्रिल 1974 रोजी हँक ॲरनचा विक्रमी 715 वा होमरन (कुंपणापलीकडे गेलेला फटका) अटलांटाच्या बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) पडला, तो चेंडू झेलणारे हेच. पुढे त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, टेक्सास रेंजर्समध्ये नोलन रायनसारख्या पिचरबरोबर काम केले आणि त्यानंतर लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ते पिचिंग प्रशिक्षक झाले. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू त्यांच्याकडे आले. दोघांनी त्याआधी बेसबॉल खेळलाच नव्हता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. भालाफेकीची सवय असलेला हात माउंडकडे, म्हणजे पिचरच्या उंचवट्याकडे, वळवायचा, तर शिकवणाऱ्याला हालचालीचे घटक सुटे करून पाहता यावे लागतात. हाउस यांना ते येत होते, आणि त्यांच्या 29 विजयांचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

उलट बाजूला वेस जॉन्सन आहेत. हे स्वतः कधी व्यावसायिक बेसबॉल खेळले नाहीत. तरी 2018 च्या अखेरीस मिनेसोटा ट्विन्सने त्यांना कॉलेजमधून उचलून थेट मेजर लीगचे पिचिंग प्रशिक्षक केले. 2022 च्या हंगामाच्या मध्यावर ते ट्विन्स सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेले. तिथे 2023 मध्ये पॉल स्कीन्सने 209 स्ट्राइकआउट घेतले, संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि स्कीन्स ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे नुसत्या उदाहरणांवरून आपल्या घरातला वाद मिटणार नाही. दोन्ही बाजूंना हवी तितकी नावे सापडतील.

म्हणून माजी व्यावसायिक पिचर नेमके काय देऊ शकतो, ते आधी पाहू. पहिली गोष्ट म्हणजे चेंडू पकडण्याची बारीक समज. मी एका प्रशिक्षकाला, जे स्वतः मेजर लीगमध्ये खेळलेले होते, शरद ऋतूतल्या एका बुलपेन सरावात बराच वेळ जवळून पाहत होतो. मुलगा पहिल्या वर्षाचा, तळहात लहान, आणि त्याला सर्कल चेंजअप (अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करून टाकायचा हळू चेंडू) काही केल्या जमत नव्हता. चेंडू प्रत्येक वेळी उजवीकडे उंच सुटत होता. प्रशिक्षकांनी त्याच्या खांद्याविषयी किंवा पायाविषयी एक शब्दही काढला नाही. त्यांनी त्याचा तळहात स्वतःच्या तळहातावर ठेवून बोटांची लांबी पाहिली, अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ सोडायला लावले, मधले बोट आणि अनामिका शिवणीवर किंचित फाकवून ठेवली आणि ‘फास्टबॉल टाकतोस तितक्याच जोरात हात फिरव, चेंडूचा वेग आपण कमी करायचा नाही, पकड करेल’ एवढेच सांगितले. पाच-सहा चेंडूंनंतर तो कॅचरच्या गुडघ्याच्या उंचीवर येऊ लागला. त्या प्रशिक्षकांचे स्वतःचे हात मोठे होते आणि त्यांचा स्वतःचा चेंजअप सर्कलचाच होता. माझ्या दृष्टीने त्यांच्या व्यावसायिक अनुभवाची किंमत त्या पाच मिनिटांत दिसली: त्यांनी अनेक सहकाऱ्यांच्या अनेक पकडी पाहिलेल्या होत्या आणि आपलीच पकड लादण्याची गरज त्यांना वाटली नाही.

दुसरी गोष्ट, दोन सामन्यांमधल्या दिवसांची शिस्त. कोणत्या दिवशी लांबवर फेकायचे, कोणत्या दिवशी माउंडवर थोडेच चेंडू टाकायचे, कधी फक्त धावायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःवर केलेले असते. आणि खराब दिवसानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर कसे यायचे, हे सांगताना त्यांच्या शब्दाला मुले जो मान देतात, तो माझ्यासारख्याच्या शब्दाला मिळत नाही.

आता अनुभव आड कुठे येतो ते सांगतो. इथे जरा थांबणे भाग आहे, कारण दुखापती बहुधा इथूनच सुरू होतात. व्यावसायिक पिचर साधारण दर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सामन्याची सुरुवात करतो आणि हंगाम 162 सामन्यांचा असतो. कॉलेजमध्ये नियमित हंगाम जास्तीत जास्त 56 सामन्यांचा, फेब्रुवारीच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी मालिका आणि आठवड्याच्या मध्ये एखादा सामना. शुक्रवारचा पिचर पुढच्या शुक्रवारी. वरवर पाहता विश्रांती अधिक दिसते, पण मे-जूनमध्ये बाद फेरीचे सामने सुरू झाले की शुक्रवारी शंभरावर चेंडू टाकलेल्या मुलाला रविवारी किंवा सोमवारी परत बोलावण्याचा मोह प्रत्येक प्रशिक्षकाला होतो. एनसीएएमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या अमेरिकी संघटनेत, पिचच्या (टाकलेल्या चेंडूंच्या) संख्येवर बंधनकारक मर्यादा नाही. हायस्कूलमध्ये 2017 पासून प्रत्येक राज्य संघटनेला अशी मर्यादा घालावी लागते; कॉलेजच्या दारात ती संपते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांची ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक तत्त्वे 19 ते 22 वयासाठी एका दिवसात 120 चेंडूंची मर्यादा सांगतात, पण ती केवळ शिफारस आहे.

ज्याचा स्वतःचा हात अशा भाराखाली टिकला, त्याला हा भार साहजिक वाटतो. यात त्याचा दुष्टपणा नसतो. ज्यांचे हात टिकले नाहीत ते मेजर लीगपर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यामुळे त्याच्या आठवणीतल्या सहकाऱ्यांमध्ये ते नसतात, एवढेच. माझ्या खोलीत मात्र तेच येऊन बसतात. म्हणून ‘आमच्या वेळी आम्ही असेच टाकत होतो’ हे वाक्य भरवशाच्या प्रशिक्षकाच्या तोंडून आले तरी मी सावध होतो, आणि त्या आठवड्यात त्या मुलाच्या खांद्याचे फिरणे आणि मुठीची ताकद नेहमीपेक्षा अधिक वेळा मोजतो. हाताच्या पुढच्या भागातले स्नायू थकले की कोपराच्या आतल्या बाजूचे अस्थिबंध सगळा ताण अंगावर घेतात, आणि मुठीची ताकद घसरणे ही त्याची एक लवकर दिसणारी खूण असते.

आता आपल्या धास्तीकडे वळतो. पुढचा पाय जमिनीवर टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत साधारण 0.15 सेकंद जातात, आणि त्या अवधीत खांदा आतल्या बाजूला सेकंदाला सुमारे 7,000 अंशांच्या वेगाने फिरतो. मानवी शरीराच्या नोंदलेल्या हालचालींत ही सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक आहे. पाय टेकताना हात पुरेसा वर आलेला नसेल, तर शरीर पुढे निघून जाते, हात मागे राहतो आणि उरलेल्या क्षणात तो गाठण्यासाठी खांद्यावर व कोपरावर जादा ताण येतो. आपल्या मुलाच्या बाबतीत त्या प्रशिक्षकाला हेच दिसले असेल, तर त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि ते पहिल्याच भेटीत सांगितले याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. पण त्याला केवळ हाताचा कोन आवडला नसेल, म्हणजे मुलगा किंचित बाजूने टाकतो आणि प्रशिक्षकाला वरून टाकणारा हवा असेल, तर गोष्ट वेगळी होते. हाताचा कोन मुख्यतः धड किती झुकते यावर ठरतो; नुसता हात वर करायला लावला तर धड सरळच राहते आणि खांदा अडकतो. असे एका माजी व्यावसायिक पिचरने त्याच्या सर्व मुलांकडून करवून घेतलेले मी पाहिले आहे. त्याला स्वतःला ते लाभले होते. त्याच्या संघातल्या दोघांना हंगामाच्या मध्यावर खांद्याच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि दोघेही मूळचे बाजूने टाकणारे होते.

तेव्हा आपण त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: काय बदलायचे, का बदलायचे आणि कधी. ‘काय’ याचे उत्तर तो व्हिडिओवर बोट ठेवून दाखवू शकला पाहिजे. आज बहुतेक चांगल्या विद्यापीठांत ट्रॅकमॅन किंवा रॅप्सोडोसारखी चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारी उपकरणे आणि वेगवान कॅमेरे असतात. दाखवायचे ठरवले तर दाखवता येते. ‘का’ याच्या उत्तरात हाताची सुरक्षितता आहे की दोन मैल वेग आहे, हे नीट ऐकावे. दोन्ही हेतू प्रामाणिक असू शकतात, पण वेगासाठीचा बदल घाईने झाला तर स्नायू आणि अस्थिबंध त्याच गतीने तयार होत नाहीत. ‘कधी’ याचे चांगले उत्तर म्हणजे पहिल्या वर्षाचा शरद ऋतू, सप्टेंबर ते नोव्हेंबर. ‘या उन्हाळ्यातच सुरू करू, फोनवर व्हिडिओ पाठवत जा’ असे उत्तर आले, तर मी पाठवणार नाही. ज्याला मुलगा रोज प्रत्यक्ष दिसत नाही, त्याने त्याच्या हालचालीत हात घालू नये.

इथवर जे सांगितले त्याचे सार इतकेच, की मेजर लीगचा अनुभव हे भांडवल आहे, पण ते दुसऱ्याच्या शरीराला लागू करता येणारा माणूस हवा; आणि ते येते की नाही, हे त्याच्या जुन्या आकडेवारीत सापडत नाही, त्याच्या विद्यार्थ्यांत सापडते.

म्हणून विद्यापीठाच्या भेटीत मी प्रशिक्षकापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पिचरांशी अधिक बोलेन. तेही सामन्यांत नेहमी खेळणाऱ्यांशी नव्हे, तर कमी खेळणाऱ्यांशी. तीन वर्षांपूर्वी हायस्कूलमधून आलेल्या पिचरांपैकी किती जण अजून इथे आहेत? जे गेले ते का गेले? ज्यांना कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांच्याशी परतीच्या काळात प्रशिक्षक बोलत होता का? 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केलेली ती शस्त्रक्रिया आता सर्रास होते. जॉन त्यानंतर 164 सामने जिंकला, हेही सगळ्यांना तोंडपाठ असते. पण पिचिंगला परत यायला साधारण 12 ते 18 महिने लागतात आणि त्या काळात मुलगा संघाच्या कडेला पडतो. तो काळ प्रशिक्षकाची खरी ओळख करून देतो. दुखणे सांगितल्यावर निर्णय कोणाचा, हेही विचारावे. एनसीएएच्या नियमांनुसार संघाचे डॉक्टर आणि ॲथलेटिक ट्रेनर यांचा वैद्यकीय निर्णय अंतिम असतो, प्रशिक्षक तो फिरवू शकत नाही. मुले हे किती मोकळेपणाने सांगतात, त्यावरून नियम कागदावर आहे की मैदानावर, ते कळते.

आणखी एक व्यावहारिक बाब. आपण प्रशिक्षक निवडता आहात, पण सही विद्यापीठाबरोबर होते. लोडोलोच्या काळात टेक्सास ख्रिश्चनचे मुख्य प्रशिक्षक असलेले जिम श्लॉसनेगल 2021 मध्ये टेक्सास ए अँड एमकडे गेले; जॉन्सन लुइझियानात एक हंगाम राहून जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. नामांकित माजी पिचरला तर व्यावसायिक संघांकडूनही बोलावणे येत असते. त्यातच, एनसीएएविरुद्धच्या दाव्यात जून 2025 मध्ये तडजोड मंजूर झाल्यापासून तीत सामील झालेल्या विद्यापीठांच्या बेसबॉल संघात 34 च खेळाडू ठेवता येतात, प्रत्येक संघाला 11.7 शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली, पण जागाही कमी झाल्या. अन्य कॉलेजांतून बदलून येणारे तयार पिचर आता हायस्कूलच्या मुलांच्या जागा घेतात. ज्याला दरवर्षी निकाल दाखवायचे आहेत, तो 21 वर्षांचा तयार हात आधी पाहणार, मग तो मेजर लीगमध्ये खेळलेला असो वा नसो. 87 मैलांच्या मुलाला पहिल्या वर्षी किती इनिंग मिळतील, हे दोघांनाही स्पष्ट विचारावे. गुळमुळीत उत्तर मिळाले तर ज्युनिअर कॉलेजचा (हायस्कूलनंतरच्या दोन वर्षांच्या अमेरिकी कॉलेजचा) मार्गही घरात चर्चेला घ्यावा. तिथे दोन वर्षे भरपूर खेळायला मिळते आणि ड्राफ्टची पात्रता दरवर्षी राहते.

भेटीआधी आपल्या हातात असलेले एक काम आजच सुरू करावे. मुलाने या वर्षी हायस्कूल, क्लब आणि शोकेस (निवड करणाऱ्यांसमोरचे प्रदर्शन सामने) मिळून एकूण किती इनिंग टाकल्या, कोणत्या दिवशी किती चेंडू टाकले, सलग किती महिने चेंडू हातात घेतला नाही, हे एका वहीत मांडावे. 15 ते 18 वयासाठी ‘पिच स्मार्ट’ वर्षात 100 इनिंगची मर्यादा आणि स्पर्धात्मक पिचिंगपासून किमान चार महिने विश्रांती सांगते. टेक्सासच्या हवेत बारा महिने बेसबॉल चालतो, म्हणून तिथे ही वही अधिकच गरजेची. दोन्ही प्रशिक्षकांना ती दाखवावी. ती उघडून जो ‘मार्चमध्ये या दोन सामन्यांत अंतर एवढे कमी का होते’ असे विचारेल, त्याच्याकडे आपला मुलगा पाठवायला मी कचरणार नाही. वही बाजूला ठेवून जो थेट चेंडूचा वेग मोजणाऱ्या रडार गनकडे वळेल, त्याने मेजर लीगमध्ये कितीही सामने जिंकलेले असोत, त्याच्याबाबत मी यजमानांच्या बाजूने मत देणार नाही.